टाचेची हाक

एकोणीसशे चौसष्टचा श्रावण. पुढच्या सोप्यात चारी माग धडाडत होते आणि आत, जिन्याखालच्या जागेत, माझी धाकटी जाऊ गोदा आपल्या पोराच्या पोटाला ओठ लावून फुर्र करत होती. दिगू तेव्हा सहा-सात महिन्यांचा. पाय झाडत, तोंडाचा आ करून तो हसायचा. आमच्या घरात हसू ऐकू यायचं नाही, नुसतं दिसायचं.

मी हातानंच विचारलं, अजून किती? तिनं एक बोट वर केलं. एकदाच. आणि पुन्हा वाकली.

इचलकरंजीत ज्या घरात माग, त्या घरात बोलणं असंच. धोटा इकडून तिकडे आदळतो तो आवाज दिवसभर कानांवर. त्यावर कोण घसा फोडणार? मीठ हवं तर चिमूट चोळायची. सासूबाई आल्या तर डोक्यावरचा पदर ओढून दाखवायचा. बाकीचं ओठांवरून ओळखायचं. लग्न होऊन आलेली सून वर्षभरात हे सगळं शिकायची.

गोदा मात्र शिकूनच आली होती. माहेर निपाणीचं, माग नव्हते त्यांच्याकडे, तरी तिचे हात पहिल्या दिवसापासून बोलत.

आणि पोराला खेळवायची तिला भारी हौस. आत्याबाईंनी बारशाला दिलेला चांदीचा खुळखुळा तिनं ट्रंकेत ठेवून दिला होता. तिची खेळणी सगळी घरातलीच. सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या दोऱ्यात ओवून माळ केलेली, लाल-पिवळ्या सुताचे गुंडे, एक चकचकीत पितळी झाकण. झाकणात दिगूला त्याचंच तोंड दाखवायची, मग झाकण हळूच फिरवून आपलं. गव्हाच्या परातीत त्याचे हात घालायची. सुताच्या लडीनं तळपाय कुरवाळायची. पदराआड जायची आणि भलत्याच बाजूनं उगवायची. कधी गुणगुणत त्याचा पंजा स्वतःच्या गळ्यावर धरून बसायची, कधी त्याची पाठ सोप्याच्या भिंतीला टेकवून ओठ हलवायची, "माग बोलतोय बघ तुझ्याशी."

माझी मालू तीन वर्षांची होती. तिला मी कधी असं खेळवलं नव्हतं. न्हाऊ घातलं, तीट लावली, झोळीत टाकलं की आपण कामाला. म्हणून मला गोदाचं कौतुक वाटायचं, आणि थोडा हेवाही.

सासूबाईंना हे पटत नसे. त्यांना सगळं गाव आक्का म्हणायचं. मामंजी गेल्यावर चार माग, दोन मुलगे आणि कमरेच्या किल्ल्या त्यांनी एकटीनं सांभाळल्या होत्या. बाई करारी. पाठीमागून कुणी काही बोललेलं त्यांना खपत नसे. "म्होरं येऊन बोल. पाठीमागनं कसली कुजबूज?" असं म्हणून समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. त्या बघण्याचीच आम्हाला धडकी भरायची. चालत्या मागाच्या लाकडावर नुसता तळवा ठेवून सांगायच्या, "मनोहर, ह्याचा पट्टा सैल झालाय." आणि तो झालेला असायचा.

"पोर खेळवायलाच आणलीया व्हय गं तुला?" त्या दिवशीही त्या गोदासमोर येऊन उभ्या राहिल्या. "कांड्या कोण भरणार?"

"खेळवत खेळवत भरतो की, आक्का." आमच्याकडे बायकाही 'मी भरतो, मी जातो' असंच म्हणतात.

"तुझी कांडी मागावर घातली की सूत तुटतंय. त्या कांडीत बी तुझं पोर दिसत आसंल."

गोदा हसली. आक्का हसल्या नाहीत, पण जाता जाता दिगूच्या पोटाला त्यांनी एक चिमटा काढला.

भाद्रपदात गौरी आल्या. त्या दिवशी माग बंद. मागाच्या घरात शांतता झाली की सगळे कसे उघडे पडल्यासारखे होतात. भांडं ठेवलं तरी दचकायला होतं. सणाला रेंदाळहून आत्याबाई आल्या होत्या. आत्याबाई म्हणजे मामंजींची थोरली बहीण. हिरव्या चुड्यात जाडजूड सोन्याच्या पाटल्या, आणि त्यांहून जड शब्द. आक्कांच्या घरात आक्कांचं राज्य, पण आत्याबाई आल्या की आक्काही पाटावरून खाली उतरून बसायच्या.

जेवणं उरकली होती. आत्याबाई उठायला गेल्या आणि त्यांचा गुडघा पितळी ताटांच्या चवडीला लागला. सगळी ताटं फरशीवर आदळली. माझ्या हातातला विडा गळाला. मालूनं भोकाड पसरलं. आक्का गौरीपुढची फुलं वेचत होत्या, मालू त्यांच्या मांडीवर येऊन पडली तेव्हा त्यांनी मान वर केली, "काय झालं गं बाई?"

दिगू मात्र आमच्याकडे पाठ करून कांड्यांची माळ चोखत बसला होता. तो हललाही नाही.

आत्याबाईंनी ते बघितलं. एक ताट उचललं, पळी घेतली, दिगूच्या मागं वाकल्या आणि ठणकन वाजवलं. मग पुन्हा. दिगू माळ चोखतच होता.

"पोरगं बहिरं हाय," त्या म्हणाल्या.

गोदा चटकन पुढं आली. "मागाच्या घरातलं पोर हाय आत्याबाई. जल्मल्यापासनं धडाडधूम ऐकतंय. त्याला ताटाचं काय अप्रूप?"

"ही मालू बी मागाच्याच घरातली न्हवं? ती कशी दचाकली?"

गोदानं दिगूला उचलून घेतलं.

"बारशाला तुझा भाऊ आला, सदा. खुणा करून बोलत व्हता. तवाच मला संशय आला. काय सांगितलं व्हतंस? तापात वाचा गेली?"

"व्हय."

"तापात, का जल्मापासनं?"

गोदानं मान खाली घातली. तिचा नवरा, म्हणजे माझे दीर मनोहर, दारात उभे होते. माणूस सज्जन, पण आईनं नाडी बांधून दिल्याशिवाय विजार घालणार नाही असा. ते बनियनचं टोक चोळत राहिले. माझे मालक तर विडा तोंडात कोंबून बाहेरच पडले.

आत्याबाईंनी निकाल दिला. "खंडेनवमीला माग बंद असत्यात. मी येतो. तवर पोराला माडीवर ठेवा, मागाच्या आवाजापासनं लांब. म्हंजे मग कान दिपलं, सवं हाय, असलं काय सांगाया नको. त्या दिवशी माझ्या ताटाला वळला, तर माझी चूक. हिच्या पाया पडीन. न्हाई वळला तर हिला निपाणीला पोचवा. पोर तिचं तिला. फसवून दिलेली पोरगी. म्होरची बी मुकीच निपजली तर वंश काय खुणांवर चालवायचा?"

"वन्सं," आक्का हळू म्हणाल्या, "एकदम आसं…"

"एकदम न्हाई. महिना दिलाय की. मनोहरला काय बायकांचा दुष्काळ पडलाय?" आणि त्या माझ्याकडे वळल्या. "हिचीच भैन हाय हुपरीत, सुमन. हाताला चांगली, तोंडानं गोड. घरातल्या घरात व्हतंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुमनला दोन ठिकाणांहून नकार आलेला होता. माझ्या वडिलांची, दादांची, त्यावरून झोप उडाली होती. क्षणभर, खरंच क्षणभरच, मला सुमन आमच्या जिन्यावरून कळशी घेऊन उतरताना दिसली. मग जिन्याखाली पोराला उराशी धरून उभी असलेली गोदा दिसली.

दुसऱ्या दिवसापासून गोदा माडीवर गेली. माडी म्हणजे सागवानी फळ्यांची जमीन, कौलांतून आलेले उन्हाचे कवडसे, आणि कोपऱ्यात कांड्या भरायचा रहाट. रहाट फिरवता फिरवता तिचे खेळ चालू. मी चहा घेऊन वर जायचे तेव्हा दिसायचं, एकच खेळ पुन्हा पुन्हा. दिगू दाराकडे तोंड करून बसलेला, गोदा त्याच्या पाठीशी दूर. तो कधीतरी गर्रकन वळायचा, की ही दोन्ही हात पसरून, डोळे मोठे करून, त्याला उचलून गालाला गाल घासायची. बोटावर गुळाचा खडा ठेवून चाटवायची. पुन्हा पाठमोरा बसवायची.

एकदा मी जिन्याच्या तोंडाशी होते. गोदानं बांगड्या वाजवल्या आणि दिगू वळला.

मी धावत वर गेले. "गोदा! वळला गं! ऐकू येतंय त्याला!"

मला वाटलं होतं ती रडेल, मिठी मारेल. ती म्हणाली, "व्हय. येतंय," आणि रहाटाकडे वळली. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

मी खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं. मनोहर भाऊजी दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेले. आक्का माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "तू बघितलंस?" एवढंच विचारलं.

"बघितलं की, आक्का."

"बरं झालं," म्हणाल्या, आणि पीठ चाळायला लागल्या.

चार-पाच दिवसांनी गोदा परसात गेली होती आणि दिगूपाशी मी बसले होते. तो कवडशाला हात लावायला बघत होता. मला गंमत करावीशी वाटली. मागून हाक मारली, "दिगोबा!" मग टाळी. मग बांगड्या. मग मी त्याच्या कानाशी जाऊन ओरडले. कवडसाच बघत होता तो. गोंडस मानेवरचा एक केस हलला नाही.

मी उठून मागं सरले, आणि टाच फळीवर जोरात पडली.

दिगू गर्रकन वळला. तोंडाचा आ करून, दोन्ही हात पसरून. गूळ मागत होता.

गोदा वर आली तेव्हा मी तशीच उभी होते. तिला सांगावं लागलं नाही.

"कवापासनं ठावं हाय तुला?" मी विचारलं.

"तिसऱ्या महिन्यापासनं." ती खाली बसली. "जाऊबाई, सदाला मीच वाढवलाय. आईला शेतातनं सवड न्हवती. बहिरं पोर डोळ्यांनी कसं पितंय माणसाला, ते मला ठावं हाय. ह्यो अंगावर पिताना माझ्या तोंडाकडं तसाच बघायला लागला आणि मला कळलं."

"म्हणून त्यो खुळखुळा…"

"त्याचं काय करू? त्याला चांदी दिसती, वाजणं न्हाई. सदाला मी टाच आपटून हाक मारायचो. पडवीला फळ्या हुत्या आमच्या. तसंच ह्याला शिकवलं. टाच हलली की मागं आई. खेळच हाय त्यो त्याचा."

"आणि बांगड्या?"

"बांगड्या तुमच्यासाठी वाजवल्या."

मला राग आला. घरभर सांगत सुटलेली मी. पण तिनं माझे पाय धरले नाहीत की रडली नाही, ते बरं झालं. ती दिगूला मांडीवर घेऊन त्याच्या पाठीवर बोटांनी मुंग्या चालवत होती आणि तो खिदळत होता.

"ह्यानं काय हुईल गोदा? आज ना उद्या बोलायचं वय हुईल त्याचं."

"उद्याचं उद्या. आज त्याला बाप लागतोय. रोज वर येऊन खेळवायला लागलेत ते. घोडा हुत्यात, झाकण फिरवत्यात. अजून जरा लळा लागू दे. मग कळलं तरी सोडवणार न्हाईत." तिनं माझ्याकडे बघितलं. "मी निपाणीला गेलो तर ह्याला परातीत गहू देणारं बी कोण न्हाई. आईबा मला शेतात धाडणार. ह्यो खाटंला बांधून पडंल. सदा बारका आसताना तसाच बांधलेला हुता, मी हातात घेईपत्तर."

दिगूला खाली ठेवून ती म्हणाली, "तुमच्या भैनीचं मला ठावं हाय. तुम्ही सांगितलंत तर मी राग धरणार न्हाई."

मी चहाची कपबशी उचलली आणि खाली आले. सांगितलं नाही. सांगणार नाही असंही तिला म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात दादा हुपरीहून आले. सुमनचं त्यांच्या कानावर गेलं होतं. परत जाताना कोपऱ्यात मला म्हणाले, "बाय, देवानं दार उघडलंय. तू फकस्त आडवी जाऊ नगंस." मी त्यांना चिवडा बांधून दिला.

खंडेनवमीला चारी माग धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालून उभे होते. धोट्यांना हळदकुंकू. आत्याबाई सकाळीच आल्या. नारळ फुटला, आरती झाली, आणि त्या म्हणाल्या, "आणा पोराला."

गोदा म्हणाली, "वर चला, आत्याबाई. माडीवर त्याला सवं हाय."

"माडी कशाला? हितंच. मागांच्या म्होरं, देवाच्या साक्षीनं."

सोप्याला शहाबादी फरशी होती. मी गोदाकडे बघितलं. फरशीवर टाच आपटली तर आपटणाऱ्याच्या टाचेशिवाय कुणालाच कळत नाही. तिचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण आम्ही मागाच्या घरातल्या. मला वाचता आलं. 'संपलं.'

"फरशी गार हाय," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "पोराचं पोट बिघडंल. पाटावर बसवू या." आणि आत जाऊन मामंजींचा जेवायचा पाट आणला. त्याचा एक पाय झिजलेला होता. बसणारा जरा हलला की पाट डुगडुगायचा.

आत्याबाईंनी गोदाला समोरच्या भिंतीशी बसवलं, हात मांडीवर ठेवायला लावले. "खुणा करायच्या न्हाईत." मनोहर भाऊजींना तिच्या शेजारी. आक्का उंबऱ्यावर, अगदी पाटासमोर.

"पोर कलंडंल. कुणीतरी जवळ पायजे," मनोहर भाऊजी म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे एकच वाक्य.

आत्याबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. "ही बसंल. हिला लबाडी करून काय मिळायचंय? झाला तर हिचाच फायदा हाय."

मी पाटाला लागून बसले. नऊवारीच्या निऱ्या पसरल्या. त्यांच्याखाली माझा अंगठा पाटाच्या झिजलेल्या पायाला टेकला. तोवर मी काही ठरवलं नव्हतं असं आता म्हणता येईल. पण पाट आणायला तर मीच गेले होते.

दिगूच्या हातात कांड्यांची माळ होती. आत्याबाई आमच्या मागं उभ्या राहिल्या.

ठण्ण!

मी अंगठा दाबला. पाट इवलासा डुगडुगला. दिगूनं माळ सोडली आणि गर्रकन मागं बघितलं. मागं गोदा नव्हती, ताट घेतलेल्या आत्याबाई होत्या. तरी तो हसला.

मनोहर भाऊजी अर्धे उठले.

"बसा. एकदानं काय हुतंय?" आत्याबाई डाव्या बाजूला गेल्या. पुन्हा ठण्ण. पुन्हा अंगठा. पुन्हा दिगू वळला.

गोदाचे हात मांडीवर होते, पण दहाही बोटं लुगड्यात रुतली होती.

मग काहीच झालं नाही. मी ठण्ण व्हायची वाट बघत होते आणि ते होत नव्हतं. मागं श्वासाचा आवाज येत होता. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पोटरीत गोळा आला, अंगठा थरथरला, आणि मी दाबायच्या आत त्यानंच पाट हलवला.

दिगू खुशीत वळला. हात पसरून.

आत्याबाईंचा पळी धरलेला हात वरच होता. त्यांनी वाजवलंच नव्हतं.

आत्याबाईंनी पळी खाली आणली, दिगूकडे बघितलं, मग माझ्या निऱ्यांकडे. "मी ताट वाजीवलंच न्हाई," त्या सावकाश म्हणाल्या. "मग हे वळलं कशाला?"

मी अंगठा आत ओढून घेतला. गोदानं डोळे मिटून घेतले.

"वाजीवलं न्हाई कसं?" उंबऱ्यावरून आक्का म्हणाल्या. "वन्सं, हात वर केलासा तवा तुमच्या पाटल्या वाजल्या की. मला हितं ऐकू आलं. पोर तर तुमच्या हाताखाली बसलंय."

आत्याबाईंनी हात हलवून बघितला. चुड्यावर पाटली सरकली, बारीक किणकिणली.

"एवढ्याला वळलं?"

"म्हंजे बघा कान किती तिखट हाईत. माझ्या सासऱ्यांवर गेलाय. त्यांना बी परसात मांजर चाललेलं कळायचं." आक्का उठल्या, पुढं आल्या, आत्याबाई आणि पाट ह्यांच्या मध्ये वाकून दिगूला कडेवर घेतलं. "झालं न्हवं समाधान? आता जेवायला बसा. पुरणाचा कट गार हुतोय."

आत्याबाई शब्दाच्या पक्क्या. गोदाच्या पाया पडायला निघाल्या, तेव्हा गोदानंच त्यांचे पाय धरले आणि इतका वेळ कोंडलेलं रडू त्यांच्या पायांवर मोकळं केलं. आत्याबाईंचेही डोळे भरले. "माझं मेलीचं मनच वाईट," म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांना मोटारीत बसवून आल्यावर मी आक्कांना शोधत माडीवर गेले. त्या रहाटाशी पाठमोऱ्या बसून सुताचे गुंडे गोळा करत होत्या. माग बंद होते, सगळं घर शांत होतं.

"आक्का," मी जिन्यातून म्हणाले, "च्या ठेवू का?"

त्या गुंडे गोळा करत राहिल्या. मला वाटलं, रागावल्यात. मी जवळ गेले. "आक्का, तुम्हाला कळलं व्हय?" उत्तर नाही. "आक्का, पाटल्या वाजल्याच न्हवत्या. मी त्यांच्या हाताखालीच हुतो."

तरीही नाही. त्यांच्या मानेवरची पांढरी बट वाऱ्यानं हलत होती. मला एकदम त्या कवडशाची आठवण झाली. ताटं पडली तेव्हाची आठवण झाली. मी दोन पावलं मागं गेले आणि टाच फळीवर आपटली.

आक्का वळल्या.

त्यांनी आधी माझ्या पायाकडे बघितलं आणि मग तोंडाकडे, नेहमीसारखं टक लावून. पहिल्यांदाच मला त्या बघण्याची भीती वाटली नाही.

"कवापासनं?" मी नुसते ओठ हलवले. आवाज काढलाच नाही.

"तुझं लगीन व्हायच्या आदीपासनं," त्यांनी उत्तर दिलं. "हळूहळू गेलं. माग चालू असला की माझ्यात नि तुमच्यात काय फरक न्हाई. सणासुदीला तेवढं सांभाळायला लागतंय."

"मामंजींना…"

"कुणालाच न्हाई. बहिऱ्या बाईच्या कमरंला किल्ल्या ऱ्हात्यात व्हय?" त्यांनी हातातला लाल गुंडा उलगडला, पुन्हा गुंडाळला. "तुझा अंगठा मला दिसत न्हवता. पाट दिसत हुता. गोदी माडीवर काय शिकवतीया ते पयल्या दिवशीच कळलं. स्वैपाकघराची तुळई हिच्या टाचंनं हादरायची. मी पीठ चाळतो, तिथं डोक्यावरनं माती पडायची."

मी खाली बसले. बराच वेळ आम्ही दोघी गुंडे गोळा करत होतो.

मग त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "खरं सांग. त्या पाटल्या वाजल्या हुत्या का गं?"

पाठीमागून मी काय बोलले ते त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

"वाजल्या, आक्का," मी म्हणाले.

दिगू दीड वर्षाचा असताना त्याला गोवर आला. बरा झाल्यावर महिनाभरानं आक्कांनी घरात जाहीर केलं, की गोवरानं पोराचे कान गेले. आत्याबाई धावत आल्या, त्याला पोटाशी धरून ढसाढसा रडल्या, आणि गावभर सांगत राहिल्या, "माझ्या डोळ्यांदेखत पाटल्यांना वळला हुता हो पोरगा!" त्या साक्षीपुढं गोदाच्या माहेराचं नाव कुणी काढलं नाही. पाचेक वर्षांनी आत्याबाई गेल्या, तोवर दिगूला दसऱ्याला सदरा त्यांच्याकडूनच यायचा.

मनोहर भाऊजींना खरं कधी कळलं मला माहीत नाही. दिगूला मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत ठेवायचं ठरलं तेव्हा त्यांनी आईला न विचारता त्याची ट्रंक भरली, आणि दर रविवारी एसटीनं भेटायला जात राहिले. गोदाला पुढं दोन मुली झाल्या, दोघी तोंडाळ. गोदा सत्याऐंशी साली कावीळ होऊन गेली. शेवटी बोलणं बंद झालं होतं तिचं, पण हात दिगूच्या हाताशी बोलत होते. काय ते आम्हाला नीट कळलं नाही.

आक्का गेल्या तेव्हा किल्ल्या कमरेलाच होत्या. त्यांचं बहिरेपण माझ्या मालकांनाही मी त्यांच्या तेराव्यानंतर सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. मालक जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

सुमनला भिवंडीला दिली. माणूस पिणारा निघाला. ती एकदाच म्हणाली होती, "ताई, त्या वर्षी तुझ्या घरी माझं ठरत हुतं न्हवं?" मी मालूच्या केसांना तेल लावत होते. "ठरत हुतं," म्हणाले. तिनं पुढं विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिचं ते विचारणं अजून इथंच आहे.

दिगू आता साठीचा झाला. शिवणकामाचं त्याचं दुकान आहे. नातीला मांडीवर घेऊन मशीन चालवतो, तिचे पाय आपल्या पावलांवर ठेवून. ती बोलते, गाते. त्याच्या पाठीवर बसून टाचा मारते.

आणि मला गेल्या काही वर्षांपासून ऐकू येत नाही. सून कानात यंत्र लावते, मी काढून ठेवते. दिगू रोज दुपारी येतो. मी खिडकीकडे तोंड करून बसलेली असते. तो माझ्या खांद्याला हात लावत नाही. दारातल्या जुन्या फळीवर टाच आपटतो, दोनदा.

मी वळते. गूळ घेऊनच येतो मेला.